दुप्पट आलेले उत्तर

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतला फूको लोलक पाहून आल्यापासून नववीच्या मुलांनी माझ्यामागे तगादा लावला होता, म्हणून विज्ञान दिनाच्या आधी आम्ही आमच्या पेठेतल्या शाळेच्या जिन्याच्या पोकळीत नऊ मीटर लांब पोलादी तारेला गोळाफेकीचा गोळा टांगला. १८५१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरचा लोलक टांगून पृथ्वीचे परिवलन लोकांना दाखवले होते. खाली पृथ्वी फिरत असल्याने लोलकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. तिथे ती सुमारे ३२ तासांत फेरी पूर्ण करते. पुण्याचा अक्षांश कमी असल्याने इथे तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजेच अर्ध्या तासात ती जेमतेम अडीच अंश सरकायला हवी.

खडूच्या रेषेवरून लोलक सोडला आणि अर्ध्या तासाने दिशा पाच अंश सरकलेली दिसली, तीही अपेक्षेप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. टाळ्या वाजल्या. एक मुलगी मात्र कोनमापक घेऊन फरशीवरच बसून राहिली.

“सर, दुप्पट कसं आलं? पृथ्वी काय आपल्या शाळेपुरती जोरात फिरते?”

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधी उत्तर आणि मग त्याला जुळणारी रीडिंग्ज लिहिण्याची आपली परंपरा पाहता हा प्रश्न मला टाळ्यांपेक्षा मोलाचा वाटला. घंटा झाली, मुले पांगली, गुणांचा तर प्रश्नच नव्हता. तरी ती हलेना.

फरशीला गाल टेकून पाहिल्यावर तिला दिसले की गोळा मधल्या खुणेवरून न जाता सेंटिमीटरभर बाजूने, अरुंद लंबगोलात फिरतो आहे. हाताने सोडताना बसलेल्या किंचित आडव्या धक्क्याचा हा परिणाम होता. असा लंबगोल स्वतःच हळूहळू वळतो, आणि आमच्या अर्ध्या मीटरच्या झोक्याला हे वळणे जवळपास पृथ्वीमुळे होणाऱ्या वळण्याइतकेच भरत होते. धक्का उलट बाजूने बसला असता, तर पृथ्वी स्थिर असल्याचे आम्ही तितक्याच उत्साहाने सिद्ध केले असते!

दुसऱ्या दिवशी गोळा सुती दोऱ्याने ओढून बांधला, पूर्ण स्थिर होऊ दिला आणि दोरा काडीने जाळला. तीन अंश आले. इतरांना तेवढ्यावर थांबायचे होते, पण तिला आता वरच्या हुकाचा संशय होता. हूक एका बाजूला अधिक लवचीक असला तर तोही लोलकाला वळवतो, आणि झोका काटकोनात फिरवला की हे वळवणे उलट होते. आधीच्या दिशेशी काटकोन करून लोलक पुन्हा सोडला, तेव्हा दोन अंश आले. विज्ञान दिनाच्या तक्त्यावर पहिल्या पाच अंशांसह तिन्ही आकडे लिहिण्याचा आग्रह तिचाच होता.