माकेरचा तिसरा दगड

लिथोग्राफीचा, म्हणजे दगडावर तेलकट खडूने चित्र काढून ते कागदावर छापण्याचा, माझा तिसरा दगड रविवारी छापून झाला. सात प्रती काढल्या, त्यातल्या दोन ठेवण्यासारख्या आहेत.

चित्र आधीच्या दोन दगडांवरचंच, फ्रेंच व्यंगचित्रकार दोमिएच्या रॉबर्ट माकेर मालिकेतलं पहिलं, ऑगस्ट १८३६ चं. भामटा माकेर आपल्या साथीदाराला, बेर्त्रांला म्हणतो, चल, बँक काढू. बेर्त्रां विचारतो, आणि पोलीस? त्यावर माकेर म्हणतो, वेडा आहेस का, कोट्यधीशाला कुणी पकडतं होय!

१८३५ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये व्यंगचित्र छापण्याआधी मंजूर करून घ्यायची सक्ती झाली. राजाची टर उडवल्याबद्दल दोमिए १८३२ मध्येच तुरुंगात गेला होता. राजाला हात लावता येईना, तेव्हा 'शारिवारी' या व्यंगचित्रांच्या वृत्तपत्राचा संस्थापक फिलिपों आणि दोमिए यांनी रंगमंचावरचा एक भामटा उचलला, तोच हा माकेर. फ्रेदेरिक लमेत्र या नटाने तो गाजवलेला होता. 'शारिवारी'च्या शंभर चित्रांत तो कधी वकील झाला, कधी पत्रकार, कधी लग्नं जुळवणारा. मजकूर फिलिपोंचा, रेषा दोमिएची.

पहिल्या दोन दगडांवर मी चेहऱ्यामागे लागलो होतो, आणि माकेर काही उतरत नव्हता. मोठ्या प्रतिमेत नीट पाहिलं तेव्हा कळलं, की चेहरा फारसा दिसतच नाही. हनुवटी गळपट्ट्यात बुडालेली, वर तिरपी टोपी. सोंग आहे ते पुढे काढलेल्या पोटात आणि फैलावलेल्या हातात. पाठीचा बाक जरा चुकला, की समोर नुसता एक गृहस्थ उभा राहतो. मला तर वाटतं, दोमिएने आधी उभं राहणं काढलं असावं आणि पेशा मागून चढवला असावा.

छाप उलटी उमटते, म्हणून या वेळी ट्रेसिंग उलटं करून, गेरू चोळलेल्या कागदावरून दगडावर उतरवलं आणि शेजारी आरसा ठेवून काम केलं. गेरूत तेल नसतं, म्हणून त्याची रेघ शाई धरत नाही. तेलकट खडूची टोकं मात्र दर पाच मिनिटांनी करावी लागली.

चूक बेर्त्रांच्या कोटात झाली. शाईचा रूळ फिरवताना ओला राहायला हवा तो दगड सुकला, सावलीतला दाणा, म्हणजे दगडाचा खरखरीतपणा, शाईने भरला आणि कोट सपाट काळा झाला. शाईला अडवणारा डिंक पुन्हा चढवून कोट थोडा मोकळा झाला, पण खालची बाही गेली ती गेलीच. आता स्पंज धरायला दुसरं माणूस हवं.

हे चित्र पुसून नवं काढायला दगड घासायला घेतलाय. पुढचा माकेर वकिलाच्या झग्यातला. त्या झग्यात पोट झाकलं जातं, त्यामुळे सगळी भिस्त हातांवर. पंधरा दिवस नुसते हातच काढणार आहे.