ट्रॅक डेचा वृत्तांत: स्वस्त रिम कुठे चालते आणि कुठे तुटते

ट्रॅक डे म्हणजे आपली रस्त्याची गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवण्याचा दिवस. निकाल आधी, वृत्तांत नंतर. पैसे वाचवायचे असतील तर गाडीच्या कंपनीचीच जुनी अलॉय घ्या. ती कुठे वाकलेली नकोत, वेल्ड केलेली नकोत, आणि ब्रेकवरून जातील त्यातल्या सर्वांत लहान मापाची हवीत. तशी मिळाली नाहीत तर भारक्षमता ओतकामातच कोरलेली फ्लो-फॉर्म्ड (आधी ओतून मग रोलरखाली लांबवलेली) घ्या. नामांकित डिझाइनची नक्कल, कितीही देखणी असो, घरीच ठेवा. पुढच्या मजकुरात एका वळणाची आणि वीस नटांची जागा जरा जास्तच झाली आहे, पण दिवस खर्ची पडला तोही त्यांच्यावरच.

जाण्याचा रस्ता सोपा. रस्त्याचे टायर गाडीला, ट्रॅकची चारही चाके मागची सीट पाडून आत. १५ इंची चाके लहान हॅचबॅकमध्येही मावतात. सतराची असतील तर एक पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधावे लागते. याहून सांगण्यासारखे काही नाही.

सकाळच्या तपासणीवर विसंबू नका. तपासणारा चाक दोन्ही हातांनी हलवून बेअरिंगची ढिलाई बघतो, नट मोजतो, टायरची नक्षी बघतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. रिमच्या पाठीमागे कोणी वाकून बघत नाही, आणि तडे तिथेच पडतात: स्पोक मधल्या, गाडीच्या हबवर बसणाऱ्या भागाला मिळतो त्या कोपऱ्यात, नटांच्या भोकांभोवती, आणि आतल्या काठावर जिथे कधी तरी खड्डा किंवा कर्ब (रस्त्याकडेचा उंच काठ) लागला असेल तिथे. कारण साधे आहे. वळणात टायर बाजूला ओढला जातो आणि स्पोक वाकतात. चाक फिरत असल्यामुळे प्रत्येक स्पोक दर फेरीला एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वाकतो. ५८६ मिमी व्यासाचा टायर एका किलोमीटरला साधारण ५४० फेरे मारतो. रस्त्यावर हा ताण किरकोळ असतो. चिकट टायर घालून ट्रॅकवर उतरलात की तोच अनेक पटींनी वाढतो, आणि थकवा येऊन धातू फाटण्याचे वय ताणाच्या मानाने फार झपाट्याने घटते. रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकलेली रिम ट्रॅकवर एका मोसमात जाते ती यामुळे.

म्हणून विकत घेताना रिम उलटी करा आणि पाठ वाचा. माप, ईटी म्हणजे ऑफसेट (हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा), बनवणाऱ्याचे नाव आणि भारक्षमता किलोत, हे सगळे ओतकामातच उठलेले हवे. स्टिकर धरू नका. जपानी जेडब्ल्यूएल ही खूण निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. शेजारी व्हीआयए असेल तर चाचणी होऊन बाहेर नोंद झालेली असते. चाचण्या तीन: फिरत्या रिमला वाकवणे, भाराखाली फिरवत ठेवणे, आणि १३ अंशांत तिरप्या ठेवलेल्या चाकावर वजन आपटणे. युरोपच्या मालावर यूएन नियमावली १२४ ची मान्यता किंवा जर्मन वाहन खात्याचा केबीए क्रमांक बघा. खुणांचीही नक्कल होते, हे खरे. पण भारक्षमताच लिहिलेली नाही अशी रिम खुणेच्या जोरावरही घेऊ नका.

हिशेब असा. गाडीच्या पाटीवर पुढच्या अॅक्सलचा कमाल भार ९०० किलो असेल तर एका रिमला किमान ४५० हवे. ते रस्त्यासाठी. ट्रॅकवर चिकट टायरसह निदान ६०० धरा. बरीचशी कंपनी-अलॉय यात आरामात बसतात, कारण गाडी बनवणारा ती माल भरलेल्या गाडीसाठी आणि वाईट रस्त्यांसाठी जड ठेवतो. हेच जडपण पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या राहतात तिथे, चेष्टेचा विषय होते. होऊ द्या.

आता ‘फोर्ज्ड’ची गोष्ट, कारण सर्वांत जास्त लोक इथे नाडले जातात. साध्या रिममध्ये वितळलेला अॅल्युमिनियम साच्यात ओततात. फ्लो-फॉर्म्डमध्ये आधी ओततात आणि मग रिमचा बाहेरचा पिंप तापवून रोलरखाली फिरवत लांबवतात. पिंप पातळ आणि मजबूत होतो, पण स्पोक ओतीवच राहतात. खरी फोर्ज्ड रिम घन ठोकळा दाबून घडवलेली असते. विकणारे दुसऱ्या प्रकाराला ‘रोटरी फोर्ज्ड’ म्हणतात आणि फोर्ज्डच्या जवळपासचा भाव लावतात. फ्लो-फॉर्म्ड रिम चांगली आहे, ट्रॅकसाठी पुरेशी आहे, पण पैसे फ्लो-फॉर्म्डचेच द्या.

नकलेचा धोका वेगळा. रेज कंपनीची टीई३७ १९९६ साली आली. ती फोर्ज्ड असल्यामुळे तिचे सहा स्पोक तितके बारीक ठेवता आले. तोच आकार ओतीव धातूत तितकाच बारीक केला तर कमजोर होतो, जाड केला तर घेण्याचे कारणच संपते. स्पोकची जाडी धातूच्या ताकदीवरून ठरलेली असते, फोटोवरून नाही.

पहिले सत्र निवांत गेले. मग ते वळण.

वेगवान उजवे वळण, बाहेर पडताना डावीकडे करवतीच्या दात्यांसारखा उंच कर्ब. माहितीपत्रकात तो ‘वापरण्याजोगा’ म्हणून दाखवला होता. वापरू नका. बाहेर पडताना डावे पुढचे चाक आधीच पूर्ण भाराखाली असते आणि त्याच क्षणी दाते खालून एकामागून एक आपटतात. टायरची भिंत उंच असेल तर ती धक्का गिळते. ४० च्या प्रोफाइलमध्ये (भिंतीची उंची टायरच्या रुंदीच्या ४० टक्के) गिळायला रबरच नसते, धक्का थेट रिमच्या काठावर येतो आणि आतला काठ चेपतो. दुपारपर्यंत पॅडॉकमध्ये आतून चेपलेल्या रिम्स दिसू लागल्या, जवळजवळ सगळ्या १७ आणि १८ इंची, कमी भिंतीच्या. पकड वाढावी म्हणून हवा फार उतरवून गेलेल्यांचे हाल जास्त. तो कर्ब सोडला तर लॅपमागे सेकंदाचा काही दशांश भाग जातो. जाऊ द्या.

चेपलेली रिम बाहेरून दिसत नाही, हवेतून कळते. गरम झाल्यावर टायरचा दाब थंडपेक्षा ५ ते ८ पीएसआयने चढतो. प्रत्येक चाकाचा आकडा प्रत्येक सत्रानंतर लिहून ठेवा आणि त्याच चाकाच्या मागच्या आकड्याशी ताडा. शेजारच्या चाकाशी ताडून उपयोग नाही, कारण बाहेरच्या बाजूचे टायर तापतातच जास्त. चढणारा दाब या वेळी चढला नाही तर चाक उतरवा आणि आतल्या काठावर साबणाचे पाणी ओता. बुडबुडे काठाशी आले तर काठ वाकला आहे. धातूच्या मधूनच आले तर तडा आहे, आणि त्या रिमचा दिवस तिथेच संपला. वेल्ड करून आणू नका. या रिम्सना उष्णतेने कमावून ताकद दिलेली असते. वेल्डच्या आजूबाजूला ती उतरते आणि पुढचा तडा शेजारीच पडतो. तापवून सरळ केलेल्या रिमचेही तेच. जुनी घेताना नवा रंग दिसला तर आधी संशय घ्या, कारण पुट्टीखाली वेल्ड लपते.

लहान मापाचा आग्रह यासाठीच, आणि टायरच्या खर्चासाठी. २०५/५० आर१५ चा व्यास ५८६ मिमी, २०५/४५ आर१६ चा ५९१. गिअरिंगमध्ये फरक नगण्य, भिंत मात्र जास्त, आणि टायर स्वस्त. रिम एकदाच घ्यायची असते, टायर पुन्हा पुन्हा. अट एकच: ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) आत मावला पाहिजे. पुठ्ठ्याचा साचा कापून बघा, मग चाक चढवून हाताने पूर्ण फेरी फिरवा. कॅलिपर आणि रिम यांत सगळीकडे निदान ३ मिमी फट हवी, आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने धरून. ही वजने उष्णतेने सुटतात. त्यांवर अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवा.

रुंदी वाढवताना ऑफसेटचे गणित आधी कागदावर करा. ७जे (७ इंच रुंद) ईटी४५ वरून ८जे ईटी३८ वर गेलात तर रिम बाहेर १९.७ मिमी सरकते आणि आत ५.७. बाहेर फेंडर, आत शॉक अॅब्झॉर्बर. हब आणि रिम यांच्यामध्ये पातळ स्पेसर (चकती) टाकून जागा काढू नका, त्यात स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या बोल्टचे) आटे जातात.

आता नट. पॅडॉकमधल्या दुकानात नटांचा संच बाजारभावाच्या कितीतरी पटींना विकला जात होता आणि रांग होती, कारण लोक नव्या रिम्स घेऊन आले होते आणि नट जुनेच. नटाची बैठक रिमच्या भोकाशी जुळली पाहिजे: ६० अंशांचा शंकू, गोल किंवा सपाट वॉशरची. गोल बैठकीचा नट शंकूच्या भोकात फक्त एका कड्यावर टेकतो. टॉर्क रेंच टक् वाजवते, पण पकड नसते. होंडाची कंपनी-अलॉय सहसा गोल बैठकीची, बाजारातली बहुतेक शंकूची. हे घरी बघा, शंकूचे नट सोबत ठेवा, दुकानाकडे फिरकू नका. चढवताना फेरे मोजा: एम१२ × १.५ (१२ मिमी जाडीचा स्टड, आट्यांमधले अंतर १.५ मिमी) ला निदान ८, एम१२ × १.२५ ला साडेनऊ-दहा.

आवळताना हब आणि रिम यांचा स्पर्शाचा भाग तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर खरवडून काढा, तो दबतो आणि नट सैल पडतात. चाक हवेत असताना हाताने, मग अर्ध्या टॉर्कवर समोरासमोरच्या क्रमाने, मग टायर जमिनीला टेकवून पूर्ण. एम१२ ला बहुधा १०० ते १२० न्यूटन-मीटर, पण आकडा गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. हवेची गन फक्त काढायला. पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासायचे, पण थंड झाल्यावर. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. गरम चाकावर आवळलेला नट चाक निवल्यावर कमी पडतो. घाईत गरमच आवळणारे बरेच दिसले, आणि पुढच्या सत्राआधी त्यांचेच नट पुन्हा फिरत होते.

सेंटर बोअर (रिमचे मधले भोक) हबपेक्षा मोठा असेल तर ती फट भरणारी हब रिंग अॅल्युमिनियमची घ्या. प्लास्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ होते आणि हबला चिकटते. व्हॉल्व्हही रबरी नको, धातूचा, धातूच्या टोपणासह.

लोखंडी रिमबद्दल लोक विचारतात. वाकते, सहसा फुटत नाही, स्वस्त आहे. जड आहे आणि मोठ्या कॅलिपरवर बसत नाही. लहान गाडीला सुरुवातीला चालेल, फक्त तबकडी आणि पिंप यांच्या वेल्डपाशी तडे शोधत राहा. जुन्या मॅग्नेशियमच्या रिम्स मात्र फुकट मिळाल्या तरी नको. त्या आतून गंजतात.

परत आल्यावर चाके धुऊन उजेडात पाठीमागून बघा. रिम पांढरी किंवा चंदेरी असेल तर ब्रेकच्या काळ्या भुकटीने भरलेला बारीक तडा रेघेसारखा उठून दिसतो. काळ्या रिमवर तो शोधायला भेदक रंगाची (तड्यात मुरणारा रंगीत द्रव लावून) चाचणी करावी लागते. स्टडच्या आट्यांवर चमकदार ओढलेली जागा दिसली किंवा नट हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर त्या हबचे सगळे स्टड बदला, एकटा नाही.