दरवाज्याच्या खिशामागचे तीन स्क्रू

काकांनी टेबलावर स्क्रूंचं पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "घ्या, बाहेरून मागवलेत. रविवारी रॅली आहे, उद्या संध्याकाळपर्यंत दरवाजे लागले पाहिजेत."

जुन्या गाड्यांची सीट, हूड आणि आतली पॅनल करणं हे माझं काम. पुण्यात मी ते गेली एकवीस वर्षं करतोय. समोर उभी होती १९४८ची एमजी टीसी, दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला १९४५ ते १९४९ या काळात अशा जेमतेम दहा हजार गाड्या बनल्या. ही काकांच्या वडिलांची. टीसीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो, त्यामुळे दरवाज्याचं पॅनल क्लिपांवर नव्हे, लाकडात पिळलेल्या स्क्रूंवर उभं राहतं. रेक्झिनवर त्यांची डोकी उघडी दिसतात. गाडीत बसलेल्या माणसाच्या कोपराशीच असतात ती.

पाकीट उघडलं. फुलीचे स्क्रू, स्टेनलेसचे. एक भिंगाखाली धरला तर फुलीच्या चार हातांच्या मधोमध चार बारीक रेघा. ही पोझीड्राइव्हची खूण. पोझीड्राइव्ह म्हणजे फुलीच्या स्क्रूचा नंतरचा सुधारलेला प्रकार, तो आला १९६०च्या दशकात. गाडीपेक्षा स्क्रू चौदा-पंधरा वर्षांनी धाकटा.

काका म्हणाले, "पण फुलीचे स्क्रू तेव्हा होतेच ना?" प्रश्न बरोबर होता. कॅडिलॅकनं फिलिप्सचे, म्हणजे साध्या फुलीचे, स्क्रू १९३६ सालीच वापरले होते. म्हणून नुसत्या सालावरून मी कधी काही ठरवत नाही. याच गाडीचं इंजिन बघा ना. आटे मेट्रिक, पण बोल्टांच्या डोक्यांना व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाचा, पाना लागतो! एमजीची इंजिनं बनवणाऱ्या मॉरिस कंपनीनं १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापांची होती, आणि ती मापं पुढे इंजिनांत राहून गेली. हे माहीत नसलेल्या कितीतरी मेकॅनिकांनी इंग्लिश बोल्ट घुसवून आटे खराब केलेत. शेवटी गाडीलाच विचारावं लागतं.

तिनं दुपारी उत्तर दिलं. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत डाव्या दरवाज्यावर नवं रेक्झिन जुन्यावरच चिकटवलं होतं. ते सोलताना खिशाच्या आतल्या बाजूला, कुणाचा हात पोचला नव्हता अशा कोपऱ्यात, तीन स्क्रू निघाले. मायनसच्या खाचेचे, कप वॉशरसकट, म्हणजे डोक्याखालच्या वाटीसारख्या चकतीसकट. चुंबक लावला, चिकटला नाही, म्हणजे पितळ. वर निकेलचा मुलामा, किंचित पिवळसर झाक असलेला. क्रोमची झाक निळसर असते, दोन्ही शेजारी ठेवले की लगेच कळतं. डोकं थोडं फुगीर, दांड्याची जाडी साडेतीन मिलिमीटर, म्हणजे सहा नंबरचं माप. आटे टोकापासून दोन तृतीयांशापर्यंतच, वरचा दांडा गुळगुळीत. हल्लीच्या बऱ्याच स्क्रूंना डोक्यापर्यंत आटे असतात, ते लाकूड आणि पॅनल एकमेकांवर नीट आवळत नाहीत. बाकीच्या भोकांभोवतीही तोच गोल ठसा होता, त्याच वॉशरच्या मापाचा. मला आणखी पुरावा नको होता.

काकांना फोन केला. उद्या जमणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. ते चिडले, आणि तासाभरात स्वतःच वर्कशॉपमध्ये आले.

तोवर मी हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीत जाऊन आलो होतो. चौथ्या दुकानात म्हाताऱ्या शेठनी माळ्यावरून खाकी कागदाचा पुडा काढला. पितळी, मायनस, सहा नंबर, पाऊण इंची, पण मुलामा नसलेले. एक मागे ठेवून बाकीचे निकेल करायला टाकले. कप वॉशर मात्र तयार मिळाले.

परत आल्यावर घाईत माझ्या हातून चूक झाली. मागे ठेवलेला बिनमुलाम्याचा स्क्रू बसतो का बघावं म्हणून थेट लाकडात पिळला. सत्तरहून जास्त वर्षांचं अ‍ॅश दगडासारखं झालेलं असतं. अर्ध्यावर टक् असा आवाज आला आणि डोकं माझ्या तळहातावर. उरलेला दांडा मोकळा करायला भोवतीचं लाकूड पोकळ ड्रिलनं कोरावं लागलं, मग अ‍ॅशचीच खुंटी ठोकून नवं भोक पाडलं. एका भोकाला दीड तास. खरी पद्धत मला माहीत होती: आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडायचे, तो काढायचा, मग पितळी स्क्रूला कोरडा साबण घासून हलक्या हातानं बसवायचा. पुढचे सगळे तसेच बसवले.

काका हे सगळं स्टुलावर बसून बघत होते. मग त्यांनी त्या तिघांतला एक उचलला, खाचेतून नख फिरवलं. म्हणाले, "या खिशात बाबा तंबाखूचा डबा ठेवायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत." रॅलीबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

दरवाजे पुढच्या बुधवारी लागले. माझा पोऱ्या सगळ्या खाचा उभ्या एका रेषेत आणायला लागला, शोच्या गाड्यांत करतात तशा. मी थांबवलं. त्यासाठी एखादा स्क्रू सैल ठेवावा लागतो नाहीतर जास्त आवळावा लागतो, आणि तुटला की काय होतं ते त्यानं आठवडाभरापूर्वीच बघितलं होतं. जिथे घट्ट बसेल तिथे खाच.

ते तीन मूळ स्क्रू मी मुलाम्याला दिले नाहीत. नुसते पुसून, साबण घासून, खिशामागच्या त्यांच्याच भोकांत परत बसवले. शेवटचा काकांनी पिळला.