बेंचमार्क चालू असताना क्लॉक स्पीडचा आकडा कसा वाचावा

गेल्या आठवड्यात मी लॅपटॉपवर सिनेबेंच आर23 या बेंचमार्कची, म्हणजे प्रोसेसरची क्षमता मोजणाऱ्या प्रोग्रॅमची, दहा मिनिटांची चाचणी लावली आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे प्रोसेसरचा वेग, वीज आणि तापमान दाखवणारे साधन उघडे ठेवले. चाचणीपूर्वी, लॅपटॉपला काही काम नसताना, प्रत्येक कोअरपुढे (प्रोसेसरमधल्या प्रत्येक स्वतंत्र गणन-भागापुढे) 4600 मेगाहर्ट्झ हा क्लॉक स्पीड, म्हणजे ठोक्यांचा वेग, दिसत होता. चाचणी सुरू होताच तो 3900 झाला आणि अर्ध्या मिनिटाने 2800 च्या आसपास स्थिरावला. काम नसताना वेग जास्त आणि काम आल्यावर कमी, हे पाहून प्रोसेसर बिघडला की काय अशी शंका कोणालाही येईल. प्रत्यक्षात तो अगदी नियमानुसार चालला होता.

पडद्यावरचा नेहमीचा आकडा बेस क्लॉक (यंत्राचा मूळ ठोका) आणि प्रोसेसर त्याला लावतो तो गुणक यांच्या गुणाकारातून येतो: 100 मेगाहर्ट्झ गुणिले 46 म्हणजे 4600. कोअर जागा असताना कोणत्या वेगाने धावतो एवढेच त्यातून कळते. तो किती वेळ जागा होता हे कळत नाही. रिकाम्या यंत्रातला कोअर बहुतेक वेळ झोपलेला असतो, आणि वाचन करणारे साधनच त्याला क्षणभर उठवते, त्यामुळे नोंद होते ती नेमकी त्या जागेपणाची. म्हणून मी एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ पाहतो. प्रोसेसरमधला एक गणक प्रत्यक्ष झालेले ठोके मोजत असतो आणि त्यांना संपूर्ण कालावधीने भागले की झोपेचा वेळही हिशेबात येतो. दहापैकी एकच भाग वेळ जागा असलेला 4600 चा कोअर तिथे 460 दाखवतो, आणि मला तोच आकडा खरा वाटतो.

आता 2800 बद्दल. जाहिरातीत छापलेला कमाल टर्बो वेग (प्रोसेसर तात्पुरता गाठू शकतो तो सर्वांत जास्त वेग) साधारणपणे एक-दोन कोअरवर भार असतानाचा असतो. सगळे कोअर कामाला लागले की मर्यादा खाली येते. त्याखेरीज इंटेलच्या प्रोसेसरमध्ये विजेच्या दोन मर्यादा असतात, थोड्या वेळासाठी मोठी आणि दीर्घकाळासाठी लहान, आणि पहिलीची मुदत बऱ्याच यंत्रांत 28 किंवा 56 सेकंदांची असते; ती संपली की वीज कमी मिळते आणि वेग घसरतो. त्यामुळे क्लॉकचा आकडा एकटा कधीच वाचू नये. त्याच्या शेजारी वॅट आणि तापमान हवेच. माझ्या लॅपटॉपवर घसरणीनंतर वीज 28 वॅटवर खिळली होती आणि तापमान 84 अंश होते. उष्णतेमुळे वेग कमी झाला असता, तर तापमान 100 अंशांच्या मर्यादेला टेकलेले दिसले असते.

वाचनाचा वेगही लक्षात घ्यावा लागतो. साधन दर दोन सेकंदांनी पाहते आणि प्रोसेसर काही मिलिसेकंदांत वेग बदलतो, म्हणून मधला एखादा उंच आकडा टिपून त्यावरून निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर व्होल्टेज फार कमी केले, तर याहून फसवा प्रकार घडू शकतो: दिसणारा क्लॉक तसाच राहतो, पण प्रोसेसर आतल्या आत ठोके ताणतो, म्हणजे प्रत्येक ठोका लांबवतो, आणि चाचणीचे गुण घसरतात. तिथेही इफेक्टिव्ह क्लॉकच खरी स्थिती उघड करतो.

थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेण्यासाठी लावलेला लेप) बदलण्याचा माझा बेत मी रद्द केला, कारण अडथळा उष्णतेचा नव्हताच. दीर्घकाळाची मर्यादा 28 वरून 35 वॅट केली, तेव्हा त्याच चाचणीत वेग 3050 च्या आसपास टिकला आणि तापमान 91 अंशांवर गेले.