अठरा दिवस काळी स्क्रीन

आधीच सांगून टाकतो: ग्राफिक्स कार्ड चांगलं होतं. केबल चांगली होती, मॉनिटर चांगला होता, रॅमही नीट बसली होती. तरी अठरा दिवस मी काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो, आणि त्यातले निम्मे एका चॅटच्या खिडकीत घालवले. तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

मशीन म्हणजे एका ऑफिसातून निवृत्त झालेला ब्रँडेड डेस्कटॉप, मी घेतला तेव्हाच सेकंडहँड. २०१३ चा आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच स्टिक आणि सुरू होताना कण्हणारी हार्ड डिस्क. बजेट असं की सगळा खर्च मिळून एका नव्या मध्यम ग्राफिक्स कार्डाच्या किमतीच्या आत राहायला हवा. रॅमची दुसरी स्टिक आणि ४८० जीबीचा सॅटा एसएसडी एका संध्याकाळी बसले, विंडोज नव्याने टाकलं, संपलं. गेम खेळायचे नसतील तर इथेच थांबा, मशीन दुसरा जन्म घेतं.

कार्डाचं ठरवायला मात्र वेळ लागला, कारण एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, २९० वॅटचा आणि त्यातून ग्राफिक्स कार्डाला जाणारी सहा पिनची वायरच नाही. मोठा एसएमपीएस घालावा म्हटलं, तर मदरबोर्डावर नेहमीच्या २४ पिनऐवजी कंपनीचा स्वतःचा ८ पिनचा कनेक्टर! कन्व्हर्टर मिळतो, पण एसएमपीएस अधिक कन्व्हर्टर म्हणजे कार्डाचे पैसे तिथेच गेले. मग उरतं काय? कार्ड ज्यात बसतं तो पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट स्वतः ७५ वॅट देऊ शकतो, तेवढ्यावर भागणारं कार्ड. जीटीएक्स १०५० टीआय किंवा जीटीएक्स १६५०. मी १६५० घेतलं, ४ जीबीचं, वापरलेलं. यात एक मेख आहे: काही कंपन्या १६५० लाही सहा पिनचा कनेक्टर देतात. विकणाऱ्याकडून कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो मागवा, नुसत्या नावावर जाऊ नका. आणि कोणी डिस्कला वीज देणाऱ्या सॅटाच्या वायरीवरून सहा पिन काढायचा कन्व्हर्टर सुचवला तर हात जोडा. सॅटाच्या पॉवर कनेक्टरमधून १२ व्होल्टवर साडेचार अँपियर, म्हणजे ५४ वॅटच घ्यायचे असतात. त्यावर ७५ वॅटची वायर टांगली की प्लॅस्टिक वितळायला निमित्तच हवं असतं.

कार्ड आलं. बसवलं. बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटवरचा दिवा लागला, कीबोर्डचाही लागला. स्क्रीन काळी.

सुरुवातीला सगळे करतात ते सगळं केलं. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टात नाही ना, पाहिलं. कार्ड काढून परत बसवलं, स्लॉट ब्रशने झाडला, एकेक स्टिक लावून पाहिली. कार्ड काढलं की डिस्प्ले येतो, लावलं की जातो. धाकटा भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "दादा, तुला चुना लागलाय." मलाही तेच वाटलं. रात्री विकणाऱ्याला मेसेज टाकला, आणि तो सभ्य नव्हता. विकणारा बिचारा एवढंच म्हणाला, "दुसऱ्या मशीनवर लावून बघा."

तिसऱ्या दिवशी मित्राच्या नव्या मशीनवर लावलं. पहिल्या झटक्यात डिस्प्ले, तासभर गेम, तापमानही आटोक्यात. आता विकणाऱ्याला काय तोंड दाखवू? दाखवलंच नाही, गप्प बसलो.

मग खरी गोष्ट सुरू झाली. शोधता शोधता कळलं की त्या काळातल्या काही ब्रँडेड बोर्डांचं जुनं बायोस (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरचाच प्रोग्रॅम) नंतर आलेली कार्डं ओळखतच नाही. बायोस अपडेट केलं की चालतं. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोसची तारीख दिसते. माझी होती २०१३ ची, कार्ड २०१९ चं. कंपनीच्या साइटवरून ताजं बायोस उतरवलं, चालवलं, तर उत्तर आलं की या मशीनवर ही आवृत्ती बसवता येत नाही. का, ते नाही.

म्हणून कंपनीच्या ग्राहक सेवेकडे गेलो. तिथे अर्जात खरेदीची तारीख अनिवार्य. मशीन सेकंडहँड, पावती कुठली? तारीख न टाकता पुढे जाता येत नाही, अंदाजे टाकली तर "नोंदींशी जुळत नाही". सिरियल नंबरचा स्टिकर घासून पांढरा पडलेला. (तो नंबर बायोसच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो. हे मला या खटपटीच्या तिसऱ्या दिवशी समजलं, तोवर मी स्टिकरवर टॉर्च मारत होतो.) शेवटी चॅटवर माणूस भेटला. माझा प्रश्न एका ओळीचा होता: या बायोसवरून नव्यावर जायचं कसं? उत्तर आलं, वॉरंटी संपली आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे, मला दुरुस्ती नको, माहिती हवी. उत्तर आलं, हे कार्ड आमच्या मान्य यादीत नाही. मी म्हटलं, कार्ड बाजूला ठेवा, बायोसचं बोला. त्यावर तिकीट नंबर मिळाला.

दोन दिवसांनी मेल आला: विंडोजचे ड्रायव्हर अपडेट करा. स्क्रीनच येत नाही त्या मशीनवर! मी लगेच सविस्तर उत्तर लिहिलं, फोटोही जोडले. ७२ तासांनी दुसरा मेल: "आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने तिकीट बंद करण्यात येत आहे." ज्या पत्त्यावरून मेल येतात त्यावर पाठवलेलं उत्तर कोणाला पोचतच नाही, पोर्टलवर लॉगिन करून तिथेच लिहावं लागतं, हे मेलच्या तळाला बारीक अक्षरांत होतं. माझी चूक, मान्य. दुसरं तिकीट काढलं, पोर्टलवर लिहिलं, तर पैसे भरून मिळणाऱ्या सेवेची जाहिरात आली. तिसऱ्या तिकिटावर शेरा होता, "समस्येचे निराकरण झाले". कोणाच्या समस्येचं, देव जाणे. नऊ दिवस गेले होते आणि माझा एका ओळीचा प्रश्न जागेवरच होता.

उत्तर त्यांच्याच साइटवर होतं. बायोसच्या डाउनलोडखाली "जुन्या आवृत्त्या" अशी फिकट अक्षरांतली लिंक आहे. ती उघडून एकेका आवृत्तीच्या नोंदी वाचत गेलो. मधल्या एका आवृत्तीखाली लिहिलेलं होतं: यापुढच्या आवृत्त्यांसाठी आधी ही बसवणे आवश्यक. बस, एवढंच. चॅटवरच्या आणि तिन्ही तिकिटांवरच्या माणसांपैकी एकानेही तेवढं वाक्य चिकटवलं नाही.

अपडेट करताना कार्ड बाहेर, मॉनिटर बोर्डाच्या पोर्टावर, आणि मशीन यूपीएसवर. मधेच वीज गेली तर बोर्डच जातो, त्यात कंजुषी नको. आधी मधली आवृत्ती, मग ताजी. दोन्ही वेळा पंखे विमानासारखे ओरडले, मशीन आपणहून रिस्टार्ट झालं, मी खुर्चीच्या कडेवर. मग कार्ड लावलं. कंपनीचा लोगो स्क्रीनवर आला आणि मी अक्षरशः ओरडलो. भाऊ धावत आला, त्याला वाटलं शॉक बसला.

पण गंगेत घोडं न्हायला अजून दोन दिवस होते. उत्साहाच्या भरात मी बायोसमध्ये लेगसी मोड (विंडोज सुरू करायची जुनी पद्धत) बंद केला आणि विंडोज सुरू होईना, कारण ते लेगसी मोडमध्येच टाकलेलं होतं. तो परत चालू केला तर सगळं ठीक. रात्री प्लग काढून ठेवला, सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागे, बायोसची सेटिंग पुसलेली, विंडोज पुन्हा गायब. प्लग काढल्यावरही घड्याळ आणि सेटिंग जपणारा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेलेला होता. इतक्या जुन्या मशीनला हात लावताना आधी तो नाण्याएवढा सेल बदला. मी हे सगळ्यात शेवटी केलं.

आता २०१५ च्या आसपासचे मोठे गेम १०८०पी वर छान चालतात. नव्यांमध्ये कार्डाआधी प्रोसेसर दमतो, चार थ्रेड शंभर टक्क्यांवर जातात आणि गेम अडखळतो. फ्रेम सेकंदाला ४५ वर बांधून ठेवले की बराच फरक पडतो. या प्रोसेसरला विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खर्च करण्याआधी लक्षात घ्या. काही ऑनलाइन गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतात, ते अशा मशीनवर विसरा.

विकणाऱ्याला शेवटी मेसेज केला, माफी मागितली, काय झालं ते सगळं लिहिलं. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "होतं असं. माझ्याकडे त्याच सॉकेटचा आय-सेव्हन ४७७० पडून आहे, हवाय का?" चार कोअर, पण थ्रेड आठ, आणि माझ्या जुन्यासारखाच ८४ वॅटचा. या वेळी मान्य प्रोसेसरची यादी आधी उघडली, आणि मग हो म्हटलं.