बाबांच्या पीसीतली टकटक

बाबांचा पीसी २०१० सालचा. कोअर टू ड्युओ, विंडोज ७, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे इतिवृत्तं, मेंटेनन्सचे हिशोब, शिवाय घरचे फोटो, सगळं त्यातच. बॅकअपचं विचारलं तर म्हणाले, "सीडी काढली होती की एकदा."

एक्सेलची फाइल उघडायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली. "व्हायरस असेल रे," बाबांचं निदान. मी कॅबिनेटला कान लावला. टक्... टक्... थोडी शांतता, पुन्हा टक्.

आधी हार्ड डिस्कला जोडलेली साटा केबल बदलली, स्वस्तातला उपाय म्हणून. ढिम्म फरक नाही. मग पेनड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर चालवलं. आजारी डिस्कवर नवीन काही टाकायचं नाही एवढं माहीत होतं. पिवळा शेरा, म्हणजे सावधान. सी५ ही ओळ, म्हणजे वाचता येईनात म्हणून वेगळे नोंदलेले सेक्टर (डिस्कचे बारीक कप्पे), त्यापुढे १ए८. हा कसला आकडा? तो हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेला असतो हे नंतर कळलं. म्हणजे ४२४. सी७, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका, मात्र शून्य. केबलमध्ये दोष असता तर तिथे आकडा दिसला असता. हे आधी बघितलं असतं तर केबलचे पैसे वाचले असते.

दुकानदार म्हणाला, "चेकडिस्क मारा, होऊन जाईल." ते विंडोजचंच डिस्क तपासायचं साधन. नाही मारलं. दुरुस्तीच्या नावाखाली ते अख्खी डिस्क पिंजून काढतं, वर तिच्यावर लिहितंही. आधी माल बाहेर, मग दुरुस्ती.

नवी १ टीबीची डिस्क आणली, विंडोजऐवजी उबंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेनड्राइव्हवरून पीसी बूट केला आणि डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारं साधन लावलं. ते आधी सोपा भाग उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी तिथे परत येतं. नोंदीची मॅप फाइल ठेवली की मधे वीज गेली तरी तिथूनच पुढे. भीती एकच. कुठून आणि कुठे, हे उलटं लिहिलं तर कोरी डिस्क जुनीवर उतरणार! डिस्कवरच्या लेबलचा सीरियल नंबर तीनदा ताडून पाहिला, मगच एंटर दाबलं.

दोन रात्री लागल्या. हिशोब सगळे आले. गणपतीतला एक फोटो मात्र अर्धाच उघडतो, आजीच्या खांद्याखाली नुसता राखाडी पट्टा.

बाबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "त्या सीडीत असेल का रे?"

सीडी माळ्यावर सापडली. पीसीचा ड्राइव्ह उघडायला टाचणी घालावी लागतेय.