आधी मांडे, मग रंग

पुण्याहून रात्रीच्या बसने निघाले आणि पहाटे बेळगावात उतरले, तेव्हा धुळवड होऊन एकच दिवस झाला होता. गणपत गल्लीत फरशीवर गुलाबी ओघळ तसेच वाळलेले, दुकानांच्या शटरवर हिरवे-जांभळे पंजे, चहा देणाऱ्या पोराच्या कानामागे अजून रंग. रिक्षा कपिलेश्वराच्या पुलावर चढली, खाली रेल्वेचे रूळ दिसले आणि पलीकडे उतरलो तर सगळं कोरं. भिंतींवर थेंब नाही, रस्त्यावर डाग नाही. जणू काल काही झालंच नव्हतं.

"इकडे खेळले नाहीत का?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"आमच्याकडं पंचमीला की वो आक्का," तो म्हणाला. एवढंही ठाऊक नसावं, याचं त्याला नवल वाटलेलं दिसलं.

ठाऊक होतं, पण विसरले होते. शहापूर माझं आजोळ. आज बेळगाव आणि शहापूर यांच्यामध्ये पाय ठेवायला मोकळी जागा नाही, पण १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला तरी शहापूर सांगलीच्या पटवर्धनांकडे राहिलं, ते १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. रुळांच्या अलीकडे संस्थान, पलीकडे साहेब. संस्थान गेलं त्यालाही आता पाऊण शतक होऊन गेलं. तरी बेळगाव धुळवडीला रंगतं आणि शहापूर-वडगाव-खासबाग रंगपंचमीची वाट बघतं. मामा याला "संस्थानी रीत" म्हणतो. ते शब्द उच्चारताना त्याची मान जराशी ताठ होते, ते मला फार आवडतं.

मी आले होते मांड्यांसाठी. पुतणीचं लग्न पुण्यात, पुढच्या आठवड्यात. आईने आधीच सांगून ठेवलं होतं की रुखवतात मांडे असतील तर शहापूरचे, नाहीतर नकोतच. तिला आता प्रवास झेपत नाही. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि तिथल्या माणसांत तिथली भाषा बोलू लागली. शहापूरचं बोलणं तिच्या तोंडून मी फक्त मामाच्या फोनवर ऐकायची. मग तिला ऐकू कमी येऊ लागलं आणि ते फोनही थांबले.

पहिल्या दोन दिवसांत किल्ला पाहिला, किल्ल्यातलं १२०४ सालचं जैन मंदिर, कमल बस्ती, पाहिलं (छताला उमललेलं ते दगडी कमळ मान दुखेपर्यंत बघावं), एक दिवस गोकाकचा धबधबा पाहिला. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्यात पाणी नव्हतं. ऑफिससाठी कुंदा घेतला.

जेवणाबद्दल मात्र मला तक्रार करायची आहे. लहानपणी आजोबा एका खानावळीत घेऊन जायचे. लाकडी बाकं, पितळी तांब्या, आणि ताटात वाढणारा माणूस "अजून घ्या की" म्हणत समोरून हलायचाच नाही. ती जागा शोधत गेले तर तिथे मोबाईलचं दुकान. शेजारच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसले. जाड, चकचकीत मेनूकार्ड. पनीरचे चौदा प्रकार, नूडल्स, मंचुरियन. ज्वारीची भाकरी मिळेल का विचारलं तर पोऱ्या म्हणाला, रोटी हाय, नान हाय. ज्या जिल्ह्यात घरोघरी ज्वारी थापली जाते, तिथे पैसे देऊन भाकरी मिळू नये याचा मला खरोखर राग आला. पुण्यात, बेळगावात, हुबळीत तेच पनीर, तीच लाल ग्रेव्ही. मग माणसाने रात्रभर बसमध्ये अवघडून कशासाठी यायचं?

दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर जेवलेच नाही. मामीने भाकरी थापली, शेंगाची चटणी, हरभऱ्याची उसळ, आणि मग झाकण काढलं तर सगळ्या घरात वास भरला. बेळगावी बासमती. हा भात आसपासच्या शिवारातला. वडगाव, अनगोळ, शहापूरच्या काळ्या मातीतला. याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास काढायला घेतला तेव्हा शेतकरी कोर्टात भांडले आणि बांधावर येऊन यंत्रांच्या आडवे बसले. मामीच्या माहेरची जमीन त्यातच. ती त्यावर फार बोलली नाही. "खा गे, अजून हाय तवर खा," म्हणाली आणि माझ्या भातावर तूप सोडलं.

मामाच्या घराच्या पुढच्या सोप्यात आजोबांचा हातमाग होता. खड्डामाग. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून आजोबा बसायचे आणि धोटा इकडून तिकडे पळायचा. शहापूरची लुगडी तेव्हा नावाजलेली होती. आई शाळेतून आली की कांड्या भरायला बसे. तिच्या तर्जनीवर सुताने पडलेली बारीक रेघ अजून आहे. आता तो खड्डा बुजवून फरशी घातलीय आणि त्यावर मामेभावाची स्कूटर उभी असते. वडगाव-खासबागेत गेलं की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो, पण तिथेही बंद दारं वाढलीत. मामेभाऊ उद्यमबागेत कारखान्यात जातो. त्याने मला फरशीवरची एक जागा दाखवली. त्याने ती दाखवायचं कारण मला आधी कळेना. मग त्याने स्कूटर बाजूला घेतली. चारही बाजूंच्या फरशा जुळत होत्या आणि मधली चौकट किंचित वेगळ्या रंगाची होती. त्याच मापाची. "बुजवताना बाबांनी सांगितलं, फरशी वेगळी घाला. ओळखू यायला पाहिजे."

मी तिथे उभी राहिले. फोटो काढला. आईला पाठवला नाही.

आता मांड्यांकडे येते, कारण त्यांच्यासाठीच हे लिहायला बसलेय.

मांडेवाल्या आक्का मामाच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतात. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी गेले. आत अंधार होता आणि धग होती. चुलीवर मोठी लोखंडी कढई पालथी घातलेली, तिच्या पाठीवर उजेड थरथरत होता. आक्का पाटावर, समोर सून. मी दारातच घुटमळले.

"काय बघूलालीस गे? बस की."

बसले. परातीत सपिठाची कणीक होती, सकाळपासून तिंबलेली, तेल आणि पाणी पाजून पाजून अशी झालेली की बोटाने ओढली तर तुटत नाही, येतच राहते. आक्कांनी दोन लहान पाऱ्या लाटल्या. एकीवर सारण पसरलं, पिठीसाखर, तूप, खसखस, वेलदोडा. दुसरी वर झाकली, कडा दाबल्या. हे कुणालाही जमेल असं वाटलं. मग त्यांनी ती पुरी उचलून हातांवर घेतली.

इथून पुढचं मी तीन वेळा पाहिलं तेव्हा कुठे नीट दिसलं. दोन्ही मुठी खाली घालून त्या पुरी फिरवत होत्या आणि पुरी मोठी होत होती. मनगटापर्यंत आली. मग कोपरापर्यंत. मग दोन्ही हातांवर पसरली, मलमलीसारखी, आणि तिच्यातून चुलीचा जाळ दिसायला लागला. आतल्या साखरेची पावडर सावलीसारखी सरकत होती. एवढी साखर आत आणि कुठे फाटत नाही. श्वास घ्यायची मला भीती वाटत होती. आक्का मात्र सुनेशी बोलत होत्या, कानडीत, गॅस सिलिंडर कधी येणार याविषयी. माझ्याकडे वळल्या की मराठी, तिच्याकडे वळल्या की कानडी. मध्ये क्षणभरही अडखळणं नाही.

मग हात झटक्यात पालथे केले आणि मांडा कढईवर उतरला. दहा-पंधरा आकडे मोजावेत एवढ्या वेळात त्यावर फुगे आले, सोनेरी ठिपके आले. सून उलथन्याने कड उचलू लागली तशा आक्का म्हणाल्या, "मेल्लगे, मेल्लगे." हळू, हळू. मऊ आहे तोवर चार घड्या घातल्या, कापडावर ठेवला. "आयतु." झालं.

वंदु, यरडु, मूरु. मोजणी कानडीतच. प्रत्येक मांड्याला तेच, आणि प्रत्येक वेळी मी तितकीच अंग आवळून बसलेली.

त्यांचे हात मी पाहिले. कोपराच्या आतल्या बाजूला भाजल्याचे डाग, जुने पांढुरके आणि एक ताजा लाल. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की सुनेला सगळं येतं, फक्त हातावर घेणं अजून येत नाही. सून नर्स आहे, रात्रपाळी करून आलेली. सुट्टीच्या दिवशी आणि लग्नसराईत मदतीला बसते. "शिकूलाली हाय," आक्का म्हणाल्या. "पण आधी झोप पाहिजे की तिला. मी कशी सांगू, शीक म्हणून?" सून हसली नाही, काही बोलली नाही. कढईवरची राख फडक्याने पुसली. त्यानंतरच्या मांड्याला आक्कांनी हात थांबवले आणि पुरी तिच्याकडे दिली.

ती मनगटापर्यंत छान आली. कोपराच्या अलीकडे फाटली, सारण पदरावर सांडलं. आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. फाटलेला मांडा तसाच भाजला, माझ्यासाठी वाटीत चुरला, वर कोमट दूध आणि तूप घातलं. "हा तुला. मोजायचा न्हाई."

लग्नाच्या पंगतीत मी मांडे पुष्कळदा खाल्ले आहेत. त्या अंधाऱ्या खोलीत खाल्लेला तो चुरा मला सगळ्यांत गोड लागला. लहानपणी आई "मनात मांडे खाऊ नकोस" म्हणून रागवायची. मांडा करायला एवढं लागतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. इतक्या वर्षांत मी एकदाही इथे येऊन बसले नाही, याचं फार वाईट वाटलं. मांडे घरी यायचे, आम्ही खायचो, एवढंच.

२१ मांडे झाले. आक्कांनी बांबूच्या दुरडीत धुतलेलं धोतर अंथरलं, एकेक मांडा उभा लावला, वरून पुन्हा धोतर. "आडवं करायचं न्हाई. मांडीवरनं खाली ठेवायचं न्हाई."

आणि दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. माझी बस अकराची.

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. साडेनऊला दार उघडलं तर गल्ली पेटलेली. बादल्या, पिचकाऱ्या, गच्च्यांवरून पाणी, कुठेतरी हलगी. रिक्षा आत यायला तयार नाही, नाथ पै चौकापर्यंत चालतच जायला हवं. मामाने छत्री काढली, मामीने प्लास्टिक. एक थेंब आत गेला की मांडा गेला. दुरडी छातीशी धरून मी उंबऱ्यावर उभी होते आणि मला रडू यायच्या बेतात होतं.

पहिली बादली समोरून आली तेव्हा मामा ओरडला, "मांडे हाईत रे! लग्नाचे मांडे!"

बादली हवेतच थांबली. ती धरलेला मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल, दात सोडून सगळा जांभळा. त्याने बादली खाली ठेवली, मागे वळून हाक दिली, "बाजूला सरा रे, मांडे येऊलालेत!" पुढच्या चौकातल्या दुसऱ्या टोळीने तेच कानडीत पुढे पाठवलं, "दारी बिडरी, दारी बिडरी!" वरून पडणारं पाणी थांबलं. गच्चीवरच्या बायकांनी नळ्या मागे घेतल्या. हलगीवाल्याला मात्र कुणी थांबवलं नाही, आणि बरं झालं. तो जांभळा मुलगा पुढे, मी मध्ये, छत्री धरून मामा मागे, अशी आमची वरात हलगीवर चौकापर्यंत गेली. वाटेत एक म्हातारे गृहस्थ हात जोडून बाजूला उभे राहिले. दुरडीला की मला, मला कळलं नाही.

रिक्षात बसले. दुरडी मांडीवर घेतली. तो मुलगा जाईना. हात पाठीमागे घेऊन उभा.

"आता लावू काय आक्का?"

मी मान पुढे केली. त्याने एका बोटाने, फक्त एका, कपाळावर गुलाबी रेघ ओढली आणि पळाला.

रात्री घरी पोचले तेव्हा आई जागी होती. मी दुरडी तिच्यासमोर ठेवली, धोतराची गाठ सोडायला घेतली. २१ च्या २१ शाबूत होते. पण तिने दुरडीकडे पाहिलंच नाही. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून दिव्याकडे वळवला, कपाळावरून अंगठा फिरवला, आणि मोठ्याने, जसं ती मामाशी फोनवर बोलायची तसं विचारलं,

"पंचमी झाली काय गे?"